एका वायरीवरची पाच बिऱ्हाडं

आमच्या कराडच्या घरमालकांचा मला जेवढा राग आला तेवढा आजवर कुणाचा आलेला नाही. नवऱ्याचाही नाही, आणि नवऱ्यानं कारणं काही कमी दिलेली नाहीत. इथं सांगलीत कुणाजवळ मालकांचा विषय काढला की लोक हसायला लागतात. म्हणतात, "काय एकेक माणूस असतो!" मग मला त्या हसणाऱ्यांचाही राग येतो. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग बिऱ्हाड हलवायला तयार नाही.

मालक मिलिटरीत सिग्नलमध्ये होते. डोंगरातून वायरी ओढायच्या, कानाला हेडफोन लावून बसायचं, इकडचा निरोप तिकडं द्यायचा, हे त्यांनी तरणेपणी केलं आणि पेन्शनीत आल्यावरही सोडलं नाही. बोलणं संपलं की ते "ओव्हर" म्हणायचे आणि थांबायचे. समोरच्यानं "रॉजर", म्हणजे निरोप पोचला, असं म्हटल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. "बाई, आज पानी साडेपाचला येनार हाय, हंडे भरून ठेवा. ओव्हर." नुसती मान डोलावलेली चालत नसे. ते पहिल्यापासून सगळं परत सांगायचे आणि परत थांबायचे. वरच्या खोलीतले एसटीचे कंडक्टर चपला घालता घालताच "राजर, राजर" म्हणून सुटका करून घेत. मी मात्र एकदाही म्हटलं नाही. मी शाळेतली बाई. चाळीस पोरं माझ्या एका नजरेत गप्प बसायची. पाण्याची वेळ कळली म्हणून इंग्रजीत हजेरी द्यायला मी काही त्यांच्या पलटणीत नव्हते. तिसऱ्यांदा सांगून झालं की मालक माझ्याकडं क्षणभर बघायचे आणि निघून जायचे.

घर नदीकडच्या गल्लीत, दुमजली. खाली पुढच्या खोलीत मालक एकटे, त्यांच्या शेजारी आम्ही दोघं, मागच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवणारे एक ब्रह्मचारी मास्तर. वर कंडक्टर आणि त्यांची बायको, आणि कोपऱ्यातल्या खोलीत चाची आणि तिची नात नसीम. नसीमचे आईबाप ती लहान असतानाच गेले. चाचीनं गल्लीभरच्या गोधड्या शिवून तिला वाढवली, बारावीपर्यंत शिकवली. चाचीच्या हातची एक गोधडी आजही आमच्याकडं आहे आणि ती कुणाला पांघरू द्यायची नाही असा माझा घरात हुकूम आहे.

मालकांच्या घरातून वस्तू बाहेर जायची नाही. बिघडलेल्या टेबलफॅनची जाळी कांद्याची टोपली झाली होती. लोखंडी टोपी उलटी करून तिच्यात तुळस लावलेली. बंद पडलेलं गजराचं घड्याळ दार आपटू नये म्हणून उंबऱ्यापाशी ठेवलेलं. आणि प्रत्येक वस्तूवर लाल रंगानं, बारीक सुबक अक्षरात लिहिलेलं: ड्युटी बदलली. एकदा मी माझी मोडकी छत्री कचऱ्यात टाकली, तर चार दिवसांनी तिच्या काड्यांवर दोडक्याचा वेल चढलेला. छत्री माझ्या आईनं दिलेली. मी भांडायला गेले.

"विचारायचं तरी मालक. माझी वस्तू होती."

"तुमी टाकली न्हवं?"

"टाकली म्हणजे काय झालं?"

"टाकली तवा तुमची ड्युटी संपली, बाई. वस्तूची न्हाई संपली. वस्तू रिटायर होत न्हाई, तिची ड्युटी बदलती. ओव्हर."

दोडकी लागली तेव्हा पहिली चार माझ्याच दारात आणून ठेवली. म्हणजे भांडण मिटवायचीही सोय ठेवली नाही.

या ड्युटी बदललेल्या वस्तूंत एक व्हीसीआर होता. मिलिटरीच्या कँटीनमधून त्यांनी बायकोसाठी आणलेला. बायको वारली आणि पाठोपाठ व्हीसीआरही बिघडला. कॅसेट घातली की चावून चोथा करायचा. दुसऱ्या कुणी भंगारात घातला असता. त्याच सुमाराला गावात केबल आली. आमच्या सगळ्यांचे टीव्ही जुने, काळे-पांढरे, खटखट फिरवायच्या बटणाचे. केबलवरची बहुतेक चॅनल त्यांना पकडताच यायची नाहीत. व्हीसीआरला यायची. मालकांनी काय करावं? केबलची वायर व्हीसीआरच्या पाठीत खुपसली, पाठीतूनच दुसरी वायर बाहेर काढली आणि तिला पाच फाटे फोडून एकेक फाटा एकेका खोलीत सोडला. आता व्हीसीआरवर जे लागेल ते पाचही टीव्हींवर दिसायला लागलं.

"ह्याला कॅसेट खाता येत न्हाई, नको खाऊ दे," व्हीसीआरच्या टपावर हात ठेवून ते आम्हाला समजावत होते. "ह्याचं सोताचं डोकं बंद केलंय. इकडनं येईल ते तिकडं द्यायचं, मधी आपलं काय घालायचं न्हाई. एवढीच ड्युटी. ओव्हर."

टायपिंगचे मास्तर "रॉजर, सर" म्हणाले. त्यांना इंग्रजी बोलायची संधी सोडवत नसे.

केबलवाल्याला हे कळलं तेव्हा तो फटफटीवर बसून आला. म्हणाला, कनेक्शन एक आणि टीव्ही पाच, हे चालायचं नाही. मालक दारातच उभे राहिले. "नळ एक हाय. त्याचं पानी घरातल्या किती भांड्यांत वतायचं, हे नळवाला सांगनार का? ओव्हर." केबलवाला काही रॉजर म्हणाला नाही. जाताना मात्र त्यानं आमच्या खोल्यांकडं एकदा नीट बघून घेतलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण व्हीसीआर एक म्हणजे चॅनल एक, आणि चॅनल एक म्हणजे पाच बिऱ्हाडांनी एका वेळी एकच गोष्ट बघायची. त्यासाठी मालकांनी जिन्याखाली पाटी टांगली. सोमवार कंडक्टर, मंगळवार टायपिंग, बुधवार बाई, गुरुवार चाची, शुक्रवार मालक. ज्याचा वार त्यानं सकाळी पाटीवर लिहायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी तेच बघायचं. शनिवार-रविवारी हात वर करून मत. संध्याकाळच्या बातम्या रोज, त्यावर मत नाही. मला सांगा, ही काय रीत झाली? स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या टीव्हीवर, स्वतःच्या पाटावर बसून मी टायपिंगच्या मास्तरांच्या आवडीचं इंग्रजी काहीतरी का बघावं? नाहीतर बंद करून बसावं. पण मालकांचा नियम म्हणजे नियम. चॅनल बदलण्याआधी पितळी घंटा वाजवायचे, शाळेत वाजते तशी. दिवसभर शाळेतली घंटा ऐकायची आणि घरी येऊन पुन्हा तीच.

तेव्हा दर बुधवारी एक मालिका लागायची. तिच्यातल्या सुनेचा मी वर्षभर जीव लावून पाठपुरावा केला होता. शेवटचा भाग काही कारणानं गुरुवारी गेला. गुरुवार चाचीचा. आणि चाची काय बघायची? परदेशातली कुस्ती. चड्ड्या घातलेले राक्षस एकमेकांच्या पाठीत खुर्च्या घालतात ती. सत्तरीची म्हातारी, पाच वेळची नमाजी, आणि दर गुरुवारी डोळ्यांत प्राण आणून ते बघायची.

मी आधी मालकांकडं गेले. ते म्हणाले, "पाटीवर चाचीचा वार हाय. चाचीला विचारा." मी वर गेले. तेव्हा चाची अजून हिंडती-फिरती होती. गोधडीला टाके घालत बसली होती.

"चाची, आजचा वार मला द्याल का? बुधवारी तुम्ही घ्या."

"न्हाई गं माय," ती टाका न थांबवता म्हणाली. "आज त्या दाढीवाल्याची हाय."

"अहो, खोटं खोटं मारतात ते."

"खोटं मारत्यात, पर मन लावून मारत्यात. बस."

मी बसले. राग गिळायला कुठंतरी बसायलाच हवं होतं. नसीमसाठी मिरजेचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा चांगला, वाद्यं दुरुस्त करणारा. चाची त्याविषयी बोलायला लागली आणि मधेच तिची सुई थांबली.

"माझ्या निकाहाला मी बारा वर्साची होते. वकील आला, म्हंजी पोरीला कबूल हाय का इचारनारा, त्यानं इचारलं. मला काय बी कळंना, मी गप. मग मागनं मावशीनं माझी मान धरली आन् अशी खाली दाबली. सगळी म्हनली, झालं, व्हय म्हनली पोरगी." तिनं स्वतःच्या मानेवर हात ठेवून दाखवलं. "माझा मरद वाईट न्हवता. पर ते व्हय काय माझं न्हवतं. नसीमनं सोताच्या तोंडानं म्हनायला पायजे. म्या डोळ्यांनी बघनार हाय. त्येवढंच बघायचंय मला, मग काय बी हूं दे."

मी खाली आले. त्या संध्याकाळी माझ्या टीव्हीवर दाढीवाल्यानं कुणाला तरी दोरांवरून बाहेर फेकलं, आणि माझ्या सुनेचं पुढं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

मग मी अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं, म्हणून मीच. केबलवाल्याला उद्देशून: खाली सह्या करणारे भाडेकरू स्वतंत्र जोडणी मागत आहेत, घरमालक एकाच जोडणीवरून परस्पर सर्व खोल्यांना पुरवठा करतात, आमची गैरसोय होते, योग्य ती कार्यवाही व्हावी. "परस्पर" हा शब्द मी मुद्दाम घातला होता. तो वाचायला चांगला वाटला. कंडक्टरांनी सही केली, त्यांना क्रिकेट हवं होतं. मास्तरांनी इंग्रजीत सही केली. माझ्या नवऱ्याला नवा रंगीत टीव्ही घ्यायचा होता, त्यानं दोनदा करायलाही मागंपुढं पाहिलं नसतं. चाचीकडं मी गेले नाही. नवऱ्यानं अर्ज नेऊन दिला. महिना गेला, काही झालं नाही, आणि मी तो विसरून गेले.

मध्यंतरी चाची नळाजवळ घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी स्ट्रेचरवरून वर चढवली. आमचा जिना लोखंडी, अरुंद, मधे वळणाचा. त्या वळणावर चाची जी ओरडली ते ऐकून मागच्या खोलीतली टायपिंगची यंत्रं बंद पडली. मालकांनी नंतर आपली खालची खोली देऊ केली, पण पुन्हा त्या जिन्यावरून उतरायचं नाव काढताच तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. डॉक्टरांनीही उठवू नका म्हणून बजावलं. निकाहाची तारीख तीन आठवड्यांवर आलेली. हॉल गल्लीच्या टोकाला, वळण घेऊन पलीकडं. घरापासून दोनशे पावलं असतील, पण चाचीला ती मिरजेइतकीच लांब.

मालक दोन दिवस घर ते हॉल पावलं मोजत फिरले. तिसऱ्या दिवशी वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून निघाले. शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्याची वायर थेट घरापर्यंत आणायची, व्हीसीआरच्या पाठीत लावायची, की चाचीच्या टीव्हीवर निकाह दिसणार, तिथं होईल त्याच क्षणी. हॉलच्या खिडकीतून कडुलिंबावर, कडुलिंबावरून मशिदीच्या मागच्या भिंतीच्या खिळ्याला, तिथून आमच्या गच्चीवर. सगळी वायर त्यांनी एकट्यानं ओढली, साठीच्या पुढच्या माणसानं. दोन दिवस आधी चाचणी घेतली, तीही कुणाला न सांगता. कॅमेरा अंगणात ठेवलेला. मी आपली केसाला तेल थापून, पदर खोचून उखळात शेंगदाणे कुटत होते, आणि वरून कंडक्टरांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. पाचही टीव्हींवर मी. मास्तर खोलीतून ओरडले, "मॅडम, पिक्चर व्हेरी क्लिअर."

मी मालकांना नाही नाही ते बोलले. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "चाचीला तुमचा चेहरा वळखू आला, बाई. लाइन चालू हाय. ओव्हर." वर जाऊन बघितलं तर चाची टीव्हीला हात लावून हसत होती.

निकाहाच्या दिवशी सकाळी मालक हॉलवर गेले होते, कॅमेऱ्याची जागा ठरवायला. केबलवाल्याची दोन माणसं फटफटीवरून आली. गल्लीतून आडवी गेलेली नवी वायर केबलवाल्याच्या डोळ्यांत सलली होती. आता हा म्हातारा गावात स्वतःची केबल सुरू करतो की काय, असं त्याला वाटलं असणार. अर्ज त्याच्या खिशात इतके दिवस पडून होता, तो आता कामाला आला.

मी दारात तांदूळ निवडत होते. एकानं विचारलं, "बाई, ते मशीन कुठं असतंय?"

मी मालकांच्या दाराकडं बोट दाखवलं. त्या दाराला कधी कुलूप नसायचं, गजराचं घड्याळ तेवढं असायचं. मला वाटलं, बघायला आले असतील. बघून जातील आणि आठवड्यानं आपलं कनेक्शन जोडतील. खरंच असंच वाटलं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. बोट मात्र उचललं गेलं होतं. वायरी कापल्याचा आवाज आला तेव्हा मी उठले. त्यांनी पाचही फाटे तोडले होते, गच्चीवरून कडुलिंबापर्यंतची वायर तुकडे करून खाली पाडली होती, आणि व्हीसीआर काखेत मारला होता.

"अहो, हे काय करता? आज लग्न आहे घरात."

"बाई, तुमचाच अर्ज हाय न्हवं?" त्यानं कागद उघडून दाखवला. माझंच अक्षर, वळणदार, एकही खाडाखोड नाही. "मशीन पुरावा म्हणून न्हेतोय."

कंडक्टर गावातल्या व्हिडिओ लायब्रऱ्या पालथ्या घालून आले. लग्नसराई, सगळे व्हीसीआर भाड्यानं गेलेले. कॅमेरा थेट चाचीच्या टीव्हीला लावावा तर त्या जुन्या डब्याला तसं भोकच नव्हतं. मालक आले तेव्हा निकाहाला तास राहिला होता. आम्ही पाच जण अंगणात उभे, वायरीचे तुकडे पायाशी. मी अर्जाचं सांगितलं. बोटाचंही सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. ओरडावं, माझी तयारी होती, उत्तरंही तयार होती. ते खाली वाकले, एक तुकडा उचलून दोन्ही टोकं बघितली, आणि म्हणाले, "किती मानसं हाय आपन?"

"तुम्ही धरून सहा," मास्तर म्हणाले.

"पुरं झाली. वायर न्हाई तर मानसं लावू."

आणि त्यांनी आम्हाला लावलं. मी आत बायकांच्या खोलीत, नसीमजवळच्या खिडकीशी. "तुमचा आवाज खणखणीत हाय बाई, शाळंच्या भिंतीबाहेरनं ऐकलाय म्या." माझा नवरा खिडकीबाहेर हॉलच्या कोपऱ्यावर. कंडक्टर गल्लीच्या वळणावर. मास्तर घराच्या फाटकात. कंडक्टरांची बायको जिन्याच्या वळणावर. मालक स्वतः चाचीच्या उशाशी.

"येईल ते पुढं द्यायचं," ते एकेकाकडं बघत म्हणाले. "सोताचं डोकं बंद. मधी आपलं काय घालायचं न्हाई. चाचीनं इचारलं तर त्येच उलट्या वाटंनं येईल. ओव्हर."

बाकीचे चौघं "रॉजर" म्हणाले. मी पदर खोचून हॉलकडं निघाले.

चाचणी झाली. मी "नसीम हिरव्या शालूत आहे" असं पाठवलं. उलट्या वाटंनं मालकांचा सवाल आला: "सुंदर कुनी घातलं?" मास्तरांनी मधे "अतिसुंदर" असं घातलं होतं. मास्तरांना परत बजावलं गेलं. गल्लीतले लोक थांबून बघायला लागले. कुणीतरी हसत होतं. दुकानात बसून फिदीफिदी हसणाऱ्यांपैकी कुणाला चाचीसाठी खिळासुद्धा ठोकायचं सुचलं नव्हतं, पण हसायला सगळे हजर.

वकील आणि दोन साक्षीदार आत आले. मी खिडकीतून पाठवलं, "वकील आले." माझ्या नवऱ्याचा आवाज, मग कंडक्टरांचा, मग लांबून मास्तरांचा. त्यापुढचं ऐकू येत नव्हतं. वकिलांनी मुलाचं नाव, बापाचं नाव घेऊन विचारलं, कबूल आहे का? नसीम गप्प. ओढणी कपाळाच्या खाली आलेली, हात मांडीवर घट्ट. वकिलांनी पुन्हा विचारलं. ती गप्पच. शिकलेली पोरगी, पण त्या क्षणी तिचा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. आणि मला दिसलं की तिच्या मागं बसलेली नात्यातली बाई पुढं सरकते आहे. तिचा हात वर आला, नसीमच्या मानेच्या दिशेनं. त्या बाईच्या मनात वाईट काही नसेल. तिचीही मान कुणीतरी अशीच दाबली असेल. पण माझ्या डोक्यात जाळ झाला. मी खिडकी सोडली, दोन पावलांत तिच्यापाशी गेले आणि तिचं मनगट धरलं.

"थांबा. ती बोलेल."

"तुमी कोन?" बाई म्हणाली.

"मी चाचीच्या घरातली."

नसीमनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, मग खिडकीकडं. बाहेर माझा नवरा कान देऊन उभा होता. तिला ठाऊक होतं की त्याच्या पलीकडं कोण कोण उभं आहे आणि शेवटी कोण आहे. तिनं गळा साफ केला. म्हणाली. वकिलांनी तीनदा विचारलं, ती तीनदा म्हणाली. पहिल्यांदा अगदी हळू, तिसऱ्यांदा सगळ्यांना ऐकू गेलं.

मी खिडकीशी गेले. पुष्कळ काही सांगावंसं वाटत होतं. त्या हाताचं, मनगटाचं, मी काय केलं त्याचं. सगळं गिळलं आणि जेवढं ऐकलं तेवढंच पाठवलं. "नसीम कबूल म्हणाली. तीनदा."

आवाज गेला. नवरा, कंडक्टर, मास्तर. मग उलट्या वाटंनं सवाल आला. माझ्या नवऱ्यानं तो खिडकीच्या गजांशी तोंड आणून मला सांगितला.

"चाची विचारते, मान कुणी दाबली का?"

"नाही. स्वतःच्या तोंडानं म्हणाली."

पुन्हा गेला. या वेळी मी मोजत होते, नवरा, कंडक्टर, मास्तर, मग जिन्याचं ते वळण, मग मालक. उत्तर यायला फार वेळ लागला. एवढा वेळ का, हे मला नंतर कंडक्टरांच्या बायकोनं सांगितलं. चाची काही बोलतच नव्हती आणि मालक तिच्या उशाशी ताठ उभे होते, ती बोलेपर्यंत. मग पाच तोंडांतून, एकही शब्द न घालता, निरोप माझ्यापर्यंत आला.

"बास झालं. आता जेवून घ्या म्हनावं."

मालक ना त्या दिवशी आम्हाला काही बोलले, ना नंतर. आम्हाला आमची स्वतंत्र कनेक्शनं मिळाली. पाच खोल्यांतून पाच तऱ्हेचे आवाज, कुणाला कुणाचं ऐकू येईना. व्हीसीआर काही परत आला नाही. मालक चार वेळा केबलवाल्याकडं जाऊन आले, दर वेळी तो म्हणायचा, उद्या या. बिघडलेला व्हीसीआर ठेवून त्या माणसाला काय मिळालं? आणि पाटी रिकामी जिन्याखाली तशीच टांगलेली. गुरुवारी मालक वर चाचीच्या खोलीत जाऊन कुस्ती बघायचे, त्यांना ती मुळीच आवडत नसताना.

कापलेल्या वायरीचे तुकडे त्यांनी गोळा केले. अंगणात, गच्चीवर, प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारासमोर एकेक बांधून दिला, कपडे वाळत घालायला. माझ्या दारासमोरच्या वायरीला पत्र्याचा चौकोनी तुकडा लटकवलेला, त्यावर लाल अक्षरं: ड्युटी बदलली. दोन वर्षं मी त्या वायरीवर साड्या वाळत घातल्या. रोज सकाळी हात वर केला की ती अक्षरं डोळ्यांसमोर. मला अजून त्याचा संताप येतो. ओरडायचं होतं एकदा. मीही ओरडले असते, रडले असते, मिटलं असतं. हा माणूस दोर बांधून देतो आणि पाण्याची वेळ सांगून जातो.

पुढं माझी सांगलीला बदली झाली. टेम्पोत सामान भरलं, चाचीनं वरून हात हलवला. मालकांनी ती दारासमोरची वायर सोडून, गुंडाळी करून, पत्र्यासकट माझ्या हातात दिली.

"सांगलीला दोर लागंल कपड्याला. जपून जावा बाई. ओव्हर."

आणि ते थांबले. मला ठाऊक होतं ते कशासाठी थांबलेत. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, नवऱ्यानं हाक मारली, आणि मी चढून बसले. गल्लीच्या वळणावर, जिथं कंडक्टर उभे होते त्या जागेवरून मागं बघितलं, तर मालक फाटकात तसेच उभे.

कोयनेच्या पुलावर आल्यावर मी तो शब्द म्हटला.

"काय म्हणालीस?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "गाठी नीट मारल्यात का बघ."